पश्चिमेची जाळी

"ही जाळी कुणासाठी रं, जयपाल?"

विश्रामबागेतल्या नव्या बंगल्याच्या गृहप्रवेशाला अर्धी सांगली जेवून उठत होती. कस्तुरीच्या या एका प्रश्नानं ओसरीवरची कुजबुज थांबली. तिच्या खोलीपुढच्या पडवीला पश्चिमेला, रस्त्याच्या अंगानं सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत उभी होती, दर ठोकळ्यात चार पाकळ्यांचं आरपार फूल. तसल्या जाळ्यांचं तेव्हा खूळच होतं, पण लोक त्या जिन्याला लावत, गच्चीला लावत. इथं ती विधवेच्या दारापुढं...!

"वहिनी, ती तुमच्यासाठीच..."

"दिसतंय की. पांढऱ्या कपाळाचं तोंड पाव्हण्यांना दिसू नये म्हणून. लय झ्याक केलंस."

जयपालचा चेहरा उतरला. तो पुढं सांगू लागला, पण तिनं पाठ फिरवली होती. बाविसाव्या वर्षी तिचा नवरा गेला, माहेरची गाडी न्यायला दारात आली, तेव्हा हा पाच वर्षांचा दीर तिचा पदर धरून उभा होता, आणि तिनं गाडी रिकामी परत लावली होती... त्याच पोरानं आज तिला आडोशाला टाकावं! तिनं ट्रंक उचलली आणि पाचच्या एसटीनं मळ्यातलं घर गाठलं.

दोन वर्षं गेली. हळद निघाली, शिजली, वाळली. जयपाल दोनदा आला. दोन्ही वेळा "वहिनी रानात गेल्यात म्हण," असं गड्याला, नाथाजीला बजावून ती दाराआड उभी राहिली, आणि त्याच्या राजदूत फटफटीचा आवाज पार विरेपर्यंत तिथून हलली नाही. जैनांच्या रीतीनं दिवस मावळायच्या आत एकटीचं ताट एकटीनं वाढून घ्यायचं, एकटीनं उचलायचं. अभिमान शाबूत होता, पण त्याच्याशी बोलणार काय?

मग एका दुपारी जयपालची बायको चंदनबाला एकटीच मळ्यावर आली. आठवा महिना होता. चालून चालून धाप लागली होती.

"आक्का, त्यांच्यासाठी न्हाई आले. मला आई न्हाई. भ्या वाटतंय."

कस्तुरीनं चूल विझवली. "एसटीनं आलीस ह्या अवस्थेत? अक्कल गहाण टाकलीस काय? ऊठ, नाथाजी बैलगाडी जुपतोय."

बंगल्यातली तिची खोली जशीच्या तशी होती. ऊन कललं तशी जाळीतून पिवळी फुलं फरशीवर उतरली, सरकत सरकत भिंतीवर चढली. चंदनबालानं ताट आणलं.

"जेवा, आक्का. अजून दिवस हाय."

"तुला बसल्या जागी कसं कळलं?"

"ही फुलं वरच्या कोनाड्याला टेकली की वीस मिनिटं उरत्यात. गवंडी म्हणाला, धूळ येतीय, वीट लावू. हे म्हणाले, वहिनी सूर्य बघून जेवती, तिचा सूर्य मी झाकणार न्हाई. बाजारातली तयार जाळी पसंत पडंना. साचा आणून सुट्टीच्या दिवशी सोता वतली सगळी फुलं. सिमेंटनं हातांची सालटं निघाली हुती."

कस्तुरी जाळीकडं बघत म्हणाली, "मग तोंडानं बोलायला काय झालं हुतं त्याला?"

"बोलतच हुते की, आक्का. तुमी पुरं करू दिलं न्हाई."

कस्तुरीनं ताटावर झाकण ठेवलं. फुलं कोनाड्याला टेकली, फिकी झाली... विझली. जन्मात तिनं दिवस मावळल्यावर घास घेतला नव्हता, आणि आजही घेणार नव्हती.

दिवेलागणीला जयपाल आला. जाळीपाशी बसलेली ती पांढरी आकृती पाहून उंबऱ्यातच थबकला. मग त्याची नजर झाकल्या ताटाकडं गेली.

"वहिनी... दिवस मावळला. जेवला न्हाईसा?"

"मावळला ते दिसतंय मला."

"मग?"

तिनं शेजारची जागा पदरानं झटकली. "तुझी वाट बघत हुते. ये, बस. काय सांगत हुतास त्या दिवशी... पुरं कर."