डेकवरची माणसं

पाणबुडी वेंगुर्ल्याच्या समुद्रात तीस मीटर खाली थांबली, तेव्हा मंजिरी कुबल पर्यटकांना पॉपकॉर्न वाटत होती. काचेपलीकडे 'चंद्रसेना' आगबोटीचा गंजलेला सांगाडा दिसत होता. आत शिरताना प्रत्येकाने नळीत थुंकी दिली होती; ते तिकिटातच होतं.

पडद्यावर प्रश्नमंजूषा सुरू झाली. टायटॅनिकच्या चार धुराड्यांपैकी किती खरोखर धूर सोडायची? तीन. जगातली निम्म्याहून अधिक माणसं आशियातल्या एका वर्तुळात राहतात. भारत त्यात आहे का? आहे! टाळ्या पडल्या.

"शेवटचा प्रश्न! चंद्रसेनेवर किती माणसं बुडाली? जवळचा आकडा सांगणाऱ्याला जेवण मोफत!"

एकशे दहा वर्षांपूर्वीच्या कागदांत आकडा होता एकशे अठरा. डेकवर कोंबलेल्यांची नावं कुणी लिहिलीच नव्हती. पाणबुडीच्या तळाचा गाळवाचक मात्र हाडांच्या चुऱ्यातले आनुवंशिक अंश वेचून माणूस न् माणूस वेगळा मोजायचा. त्याने मोजली होती चारशे त्रेसष्ट.

"तीनशे!" "सहाशे!" लिलावात बोली लावावी तसे लोक ओरडत होते. मंजिरीने पॉपकॉर्नचा ट्रे खाली ठेवला.

तेवढ्यात कुणाची तरी थुंकी गाळातल्या हाडांशी जुळल्याची खूण झळकली; मंजिरीने सवयीने कळ दाबली आणि वाजंत्री वाजली. छतातून चमकीचे कागद उडाले. 'अभिनंदन! तुमचे आजोबा इथे आहेत!' आसन क्रमांक नऊ. तिथे सुनंदा केळुसकर नावाची म्हातारी बसली होती. शेजारच्याने हसत तिच्याबरोबर फोटो काढला.

म्हातारीने केसांतली चमकी झटकली नाही.

"माझ्या आवशीक सगळे सांगायचे, तुझो बापूस बाई घेऊन पळालो," ती हळूच म्हणाली. "आजी तां ऐकतच मेली. तो पळूक नाय गे. हयच होतो."

मंजिरीने वाजंत्री बंद केली. गेले आठ महिने आपणच ही कळ दाबत आलो, या विचाराने तिला स्वतःच्या हातांचीच किळस आली.

धक्क्यावर उतरताच तिने व्यवस्थापक पराग धुरींना गाठलं. "सर, खरा आकडा सरकारला का कळवला नाही?"

"कळवला की ती जागा स्मशान ठरेल. मग कोण जाऊ देईल खाली? प्रश्न म्हणून छान चालतोय तो."

"आणि ज्यांची माणसं आहेत, ते?"

"त्यांनी तिकीट काढावं," धुरी म्हणाले आणि दातांत अडकलेलं पॉपकॉर्नचं टरफल नखाने काढू लागले.

ती पाणबुडीत परतली. गाळवाचकाच्या खोलीत जाऊन तिने पूर्ण यादी उतरवून घेतली. देशातल्या लोकांच्या आनुवंशिक नोंदवहीशी ताडून यंत्राने दोनशे सहा जणांच्या वंशजांची आजची वस्ती नकाशावर टिंबांनी दाखवली होती: शिरोडा, रेडी, आचरा, गिरगाव. एक प्रत तिने जिल्हाधिकाऱ्यांना पाठवली. संध्याकाळच्या आत तिची नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि सुनंदाआजी शिरोड्यात यादीतल्या एका कौलारू घरापुढे उभ्या होत्या. आत कुणीतरी मासे साफ करत होतं. मंजिरीने कडीला हात घातला, तोच आजीने तिचं मनगट धरलं.

"थांब गे. ह्यांका पयलां काय सांगाचा? माणूस गावलो, की माणूस गेलो?"