दोऱ्याशिवाय मधोमध

काचेवर आतून चमचा वाजला. टण्.

घरातल्या काचेच्या खोलीत आजोबा होते. त्यांच्या रक्तात शिरलेला जंतू (एकाच पेशीचा सूक्ष्म जीव) कुठल्याच जुन्या औषधाला दाद देत नव्हता. त्यांना इंजेक्शनं देणारा यंत्रमानव धोंडू काल बंद पडला. आता माणसानेच आत जायचं, आणि ते बरे होईपर्यंत बाहेर यायचं नाही. जाणार मी होते. माझ्या लेकीला, जुईला, अजून सांगितलं नव्हतं.

ती ओट्यापाशी अळूवडीचा उंडा दोऱ्याने मोजत होती. आमच्याकडे कापेल त्याने शेवटी उचलायचं, म्हणून ती फार जपून कापते.

"दोरा लागतो होय तुला?" स्पीकरमधून आजोबांचा आवाज खरखरला. "माझ्यातला जंतूही असाच, उंड्यासारखा लांबट. त्याला ना डोळे ना दोरा. तरी एकाचे दोन होताना बरोबर मधोमध तुटतो. कसा?"

"अंदाजाने."

"तुझ्यासारखा? मग मी कधीच बरा झालो असतो."

जुई हसली नाही.

"त्याच्यात पहारेकरी प्रथिनं असतात (प्रथिनं म्हणजे पेशीतली कामं करणारे मोठे रेणू). ती एका टोकाशी जमतात. दुसरी प्रथिनं त्यांना हुसकावतात, की पळाली दुसऱ्या टोकाला. तिथून हुसकावलं, परत इकडे. पहारा असेल तिथे तुटायला मनाई. आता सांग, सगळ्यात कमी पहारा कुठे?"

जुईने उंड्यावरून बोट फिरवलं. या टोकाला, त्या टोकाला, परत. टोकांशी बोट थांबत होतं, मधून नुसतंच जात होतं.

"मधे."

"तिथेच एक कडं तयार होतं आणि आवळत जातं. झाले दोन. नवं औषध हुसकावणाऱ्यांनाच गप्प बसवतं. मग पहारा सगळीकडे पसरतो आणि कडं कुठेच जमत नाही. जंतू नुसता लांबत राहतो, त्याचे दोन होत नाहीत. तेवढ्यात माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला गाठतील." ते धापा टाकत थांबले. "लागू पडलं तर."

"पण ते देणार कोण? धोंडू तर बंद आहे."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. जुईने खुर्चीमागची माझी कपड्यांची पिशवी पाहिली.

"मी जाणार आहे," मी म्हणाले. "रोज काचेपाशी येईन ना."

मग दोरा बाजूला ठेवून तिने उंडा कापला. दोन सारखे तुकडे झाले. नियमाप्रमाणे दोन्ही माझ्यापुढे सरकवले.

"आई, जंतू मधोमध तुटला की त्यातली आई कुठल्या अर्ध्यात असते?"