कुंपणाबाहेरचे अकरा दगड

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटणार नाही, तर न पटू दे. पण जिच्या बाबतीत ती घडली, तिला मी लहानपणापासून ओळखते.

माझी आतेबहीण संघमित्रा. आम्ही तिला मित्राताई म्हणतो. आमच्या नागपूरच्या घरात भूतबित कुणी मानत नाही. एकदा शेजारच्या काकू दाराला लिंबू-मिरची बांधायला आल्या, तर मित्राताईच्या बाबांनी त्या लिंबाचं सरबत करून त्यांनाच पाजलं. अशा घरातली ही मुलगी. अंधाराला ती कधी घाबरली नाही.

आणि हे घडलं तेव्हा अंधार नव्हताच.

भर दुपार होती. चार वाजले होते. एप्रिल २००५, मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलिना.

मित्राताई आणि तिचा नवरा बुद्धभूषण यांनी आदल्या नोव्हेंबरात तिथे घर घेतलं होतं. नवी कॉलनी, नवा रंग, आणि मागे पाइनची झाडी. भूषण सकाळी आठला ऑफिसला जायचा. ताईच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे दिवसभर ती घरात एकटी.

मागच्या झाडीत लोखंडी कुंपण होतं आणि कुंपणात सात जुन्या कबरी. घर घेताना बिल्डरने सांगितलं होतं, "जुन्या शेतमालकांच्या आहेत. त्यांचे वंशज वर्षातून एकदा येतील. त्यांना अडवता येत नाही, तसा कायदा आहे."

ताई म्हणाली, "येऊ देत की. आपलं काय जातंय?"

त्या दुपारी ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. खिडकी उघडी होती.

अचानक पक्षी गप्प झाले.

एक-दोन नाही... सगळेच.

मग वाळक्या काड्यांवर पावलं वाजली. चर्र... चर्र... चर्र...

थांबली.

पुन्हा चार-पाच पावलं. पुन्हा थांबली.

कुणीतरी कुंपणाच्या बाहेरून चाललं होतं. थोडं चालायचं, थांबायचं. जणू वाकून काहीतरी बघायचं... आणि पुढे जायचं. ताईने कणकेच्या हातांनीच खिडकीतून डोकावलं.

झाडीत कुणी नव्हतं.

पावलं मात्र वाजत होती.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ताईने मोजलं. पावलं अकरा वेळा थांबली.

रात्री भूषण म्हणाला, "हरीण असेल यार. इथे काय कमी आहेत?"

"हरीण रोज चारच्या ठोक्याला येतं?"

तो हसला. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती झाडू घेऊन झाडीत गेली. पावलं जिथून वाजायची, तिथल्या काड्या बाजूला सारल्या.

खाली एक ओबडधोबड दगड निघाला. उभा पुरलेला. त्यावर नाव नाही, साल नाही, काहीच नाही.

पाच-सहा पावलांवर दुसरा. मग तिसरा.

एकूण अकरा.



त्याच आठवड्यात मिस अ‍ॅडेल आल्या. ऐंशीच्या घरातल्या, गोऱ्यापान, हातात घरी केलेला केक. कुंपणातल्या कबरी त्यांच्या घराण्याच्या. मधली मोठी कबर त्यांच्या पणजोबांची. अमेरिकेत दीडशे वर्षांपूर्वी यादवी युद्ध झालं. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्यं एका बाजूला आणि उत्तर दुसऱ्या बाजूला. हे पणजोबा दक्षिणेच्या फौजेत कॅप्टन होते आणि व्हर्जिनियात मारले गेले होते.

"सात मेला आम्ही त्यांना मानवंदना देणार आहोत," मिस अ‍ॅडेल म्हणाल्या. "यंदा एक नवा दगडही बसवतोय. इसाच्या नावाचा. तो त्यांचा नोकर होता. कॅप्टनचं शव त्यानेच गाडीत घालून घरी आणलं. फार इमानी माणूस. त्यालाही सैनिकाचा मान द्यायचा आहे."

"नोकर की गुलाम?" ताईने विचारलं.

म्हातारीने केकचा तुकडा कापून तिच्यापुढे ठेवला. "आमच्या घरात तो शब्द वापरत नसत."

दोन दिवसांनी दाराशी एक आजोबा उभे. काळे, उंच, इस्त्रीचा शर्ट, टोपी हातात. मिस्टर विल्बर. पोस्टातून रिटायर झालेले. त्यांनी आत यायलाही परवानगी मागितली.

"इसा माझ्या आजोबांचा आजोबा," ते म्हणाले. "त्याने कुणाचं शव आणलं नाही, मॅम. अठराशे त्रेसष्टमध्ये तो या शेतावरून पळाला आणि उत्तरेच्या फौजेत भरती झाला. गुलामी मोडायला लढला. हा बघा कागद."

भरतीच्या नोंदीची झेरॉक्स होती. नाव, वय, उंची. धंद्याच्या पुढे 'शेतमजूर'.

"त्याची कबर आमच्या चर्चच्या मागे आहे, इथून चाळीस मैलांवर. इथे तो नाहीच. आणि हे लोक त्याच्या नावावर त्याच्या मालकाचा झेंडा लावणार. मी तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं की तुमचा गैरसमज होतोय."

 लहानपणी आजोबांनी तिला कोरेगावच्या स्तंभापाशी नेलं होतं. तिथली कोरलेली नावं त्यांनी तिला बोट ठेवून एकेक वाचायला लावली होती. म्हणाले होते, पोरी, आपल्या माणसाचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही. आपण वाचायचं.

"तुम्ही या ना सात तारखेला," ती म्हणाली. "माझ्या घरून."

मिस्टर विल्बर यांनी मान हलवली. "माझ्याच्याने बघवणार नाही. पण तुम्ही थांबा. काय बोलतात ते मला सांगा."

सात मे. सकाळचे अकरा. स्वच्छ ऊन.

वीस-पंचवीस माणसं जमली. काही जण राखाडी गणवेशात, खांद्याला जुन्या बंदुका. दक्षिणेचा तो लाल झेंडा. ताई मागच्या दाराबाहेरच्या लाकडी डेकवर उभी राहिली. भूषण आतूनच बघत होता.

मिस अ‍ॅडेल नावं वाचू लागल्या. प्रत्येक नावाला त्या सैनिकाचा वंशज उत्तर द्यायचा, "हजर!"

एक नाव. हजर.

दुसरं. हजर.

कॅप्टनच्या नावाला मिस अ‍ॅडेलचा पुतण्या ओरडला. हजर.

मग त्यांनी कागद जवळ धरला. "इसा."

ओ द्यायला त्याचं कुणी नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघू लागली.

आणि पक्षी गप्प झाले...

कुंपणाच्या बाहेरून, पाइनच्या खालून आवाज आला. खोल. शांत. अजिबात घाई नसलेला.

"इथे नाही, मॅम."

वीस-पंचवीस माणसांनी एकदम मान वळवली.

तिथे कुणी नव्हतं.

कुणीतरी हसून सारवासारव केली. बंदुकांचे बार काढले, दगडावरचं कापड ओढलं. मिस अ‍ॅडेलचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.  बाकीची नावं त्यांनी वाचलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा दगड पालथा पडलेला होता.

उखडलेला नाही. फुटलेला नाही. कुणी हळूच उचलून, नाव मातीकडे करून निजवावा... तसा. चार माणसांनी मिळून बसवलेला दगड तो.

दुपारी मानवंदनेचा कार्यक्रम करणाऱ्या संस्थेचे दोघे जण आले. "इथे यायची वाट फक्त तुमच्या अंगणातून आहे," एक जण ताईला म्हणाला. "आणि तो पत्रं लिहिणारा म्हातारा तुमच्याकडे येऊन गेलाय. आम्ही पोलिसांत कळवणार आहोत."

ते गेल्यावर भूषण तिच्यावर भडकला. "तुला काय गरज होती त्यांच्या भांडणात पडायची? आपल्या ग्रीन कार्डची फाइल पेंडिंग आहे. एक केस झाली की संपलं सगळं!"

"मी हात पण लावला नाही रे त्या दगडाला."

"मला माहितीये. त्यांना कोण सांगणार?"

त्या रात्री दोघंही जेवली नाहीत.

सोमवारी मिस अ‍ॅडेल आल्या. एकट्या. केक नव्हता. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या.

"मी पुतण्याला सांगितलंय, पोलिसांत जायचं नाही. दगड काढून न्यायचा," त्या म्हणाल्या. "मीही ऐकलं, बाई. सगळ्यांनी ऐकलं. कबूल कुणीच करणार नाही."

ताईने पाणी पुढे केलं.

"माझ्या आजीने मला एक गोष्ट सांगितली होती. मरायच्या आधी. युद्ध संपल्यावर इसा एकदा या शेतावर आला होता. उत्तरेच्या फौजेच्या निळ्या गणवेशात. मागच्या दाराशी उभा राहिला. तो पळाला तेव्हा बायको इथेच राहिली होती. मधल्या काळात ती वारली. तो एवढंच विचारायला आला होता की तिला कुठे पुरलं."

"मग?"

"माझ्या पणजीने दार लावून घेतलं."

"आणि तिचं नाव?"

म्हातारीने मान हलवली. "आजीने कधी सांगितलं नाही. तिलाही माहीत नसावं. मी विचारलंही नाही."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला पाच मिनिटं होती. मिस अ‍ॅडेल घाईने उठल्या. पुन्हा त्या घराकडे कधी आल्या नाहीत.

ताईने हे सगळं मिस्टर विल्बर यांना सांगितलं. त्यांनी विद्यापीठातली माणसं आणली. त्यांनी लोखंडी सळया जमिनीत खुपसून पाहिल्या. अकरा दगड म्हणजे अकरा कबरी. कुंपणाच्या आत जागा नसलेल्यांच्या.

"रांग सरळ आहे," त्यांच्यातली एक बाई म्हणाली. "आणि ती इथे संपत नाही. तुमच्या घराच्या दिशेने जाते. बांधकामाच्या वेळी पुढचे दगड उचलले गेले असतील. आता सांगता येणार नाही."

ताईने मागे वळून बघितलं.

रांगेच्या समोर तिच्याच स्वयंपाकघराची खिडकी होती.

उन्हाळा गेला. पावलं रोज येत होती. ताईला त्यांची सवयच झाली होती म्हणा. चार वाजले की ती मिक्सर बंद करायची, नळ बंद करायची आणि गप्प उभी राहायची.

ऑक्टोबरात एक दिवस पावलं अकराव्या दगडापाशी थांबली...

आणि परत गेली नाहीत.

पुढे आली.

गवतावरून. मग डेकच्या पायरीवर. एक... दोन... तीन...

लाकूड करकरलं.

मागच्या दाराच्या काचेतून मागचं अंगण स्वच्छ दिसत होतं. ऊन पडलं होतं. डेक रिकामा होता.

आणि काचेच्या त्या बाजूने, अगदी जवळून, तोच आवाज आला. एकच शब्द. बाईचं नाव. असं उच्चारलेलं की प्रश्न वाटावा.

ताईला इंग्रजी सुचेना. तोंडातून निघून गेलं, "मला नाही माहीत हो, बाबा. खरंच नाही माहीत."



मग दाराशी कुणीतरी खाली बसल्यासारखं लाकूड पुन्हा करकरलं.

संध्याकाळी भूषण आला तेव्हा ती तशीच उभी होती. त्याने दार उघडायला हात पुढे केला, तर म्हणाली, "आत्ता नको. बसलाय तो."

मिस्टर विल्बर यांना तिने ते नाव सांगितलं.  त्यांच्या घराण्यात सात पिढ्यांची नावं पाठ होती. फक्त हिचं नव्हतं. हिला सगळे 'इसाची बायको' म्हणायचे.

त्यांनी दगड करून घेतला. त्यावर ते नाव कोरलं. पण जुन्या कबरींची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसात फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता, 'माहिती कुठून मिळाली?'

मिस्टर विल्बर यांनी ताईला फोन केला. "काय लिहू, मॅम?"

तो रकाना कोराच राहिला. बरं, दगड लावायचा तरी कुठे? अकरांतली ती कुठली? की अकरांत नाहीच, आणि ताईच्या फरशीखाली आहे?

तो दगड अजून मिस्टर विल्बर यांच्या गॅरेजमध्ये चादरीत गुंडाळून ठेवलाय. आता २००८ चालू आहे. भूषण दरवर्षी घर विकू म्हणतो. ताई नको म्हणते. का, ते सांगत नाही.

मी ते नाव इथे लिहिणार नाही.

मागच्या महिन्यात मी तिला वेस्ट विंडसरहून, अमेरिकेतल्या माझ्या घरून, फोन केला. भर दुपारी. हट्टच धरला की मला सांग. तिने नाही-नाही म्हणत शेवटी हळूच ते नाव उच्चारलं.



मग तिकडून कुणाचा तरी खोल श्वास ऐकू आला.

मी विचारलं, "ताई, भूषण भावोजी घरी आलेत का?"

"नाही गं," ती म्हणाली. "का?"