पाण्यापलीकडची ओढ

लाँच आली आणि धक्क्यावर म्हाळू शेलार उभे असूनही न थांबता पुढे निघून गेली. तिच्यावर चालक नव्हता, त्यामुळे हाक मारण्यातही अर्थ नव्हता. फलकावर अक्षरं सरकत होती : 'पिंपळशेत थांबा रद्द. मागणी अपुरी.'

म्हाळूंनी डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. जलाशयाच्या पलीकडे कुसावड्याच्या शुश्रूषागृहाचं निळं छप्पर इथून लख्ख दिसत होतं. अर्धांगवायूनंतर त्यांची बायको तानूबाई तिथेच असे. पाण्यावरून गाव अगदी समोर. रस्त्याने मात्र सगळ्या जलाशयाला वळसा.

त्यांची तक्रार साताऱ्यात हेमांगी ढवळेच्या पडद्यावर उमटली. लाँच कुठे थांबवायच्या हे ठरवणारी 'प्रवासजाळी' तिच्याच गटाने बांधली होती. सगळा तालुका लहान लहान चौकोनांत विभागलेला. मोबाइलच्या हालचालींवरून कोणत्या चौकोनातून कुठे किती माणसं जातात ते कळे, आणि त्यावरून दोन चौकोनांमधली 'ओढ' काढली जाई. अंतर वाढेल तशी माणसांची ये-जा विरळ होते. या विरण्याला गटात 'अंतरक्षय' म्हणत. जवळच्या गावी माणसं वारंवार जाणार, लांबच्या गावी क्वचित, हे जाळीने गृहीतच धरलेलं.

पिंपळशेतातून कुसावड्याला आठवड्यातून एकाच माणसाची एकच फेरी होती. इतकं जवळ असून इतकं कमी जाणं, म्हणजे ओढ नाही, असा जाळीचा निष्कर्ष.

पण थांबा बंद होऊन काही आठवडे झाले तरी त्या माणसाची फेरी चालूच होती. हेमांगीला हे खटकलं. तिने तक्रारीवरच्या नंबरवर फोन लावला.

"काका, लाँच नाही तर तुम्ही पलीकडे जाता कसे?"

"पहाटंची यष्टी धरून घाटावर. तितनं जीप. मग थोडं चालायचं."

"दर आठवड्याला?"

"ती वाट बघती न्हवं का," म्हाळू म्हणाले. "त्या दिशी मी पोचल्याबिगर ती जेवत न्हाई."

हेमांगीने फोन ठेवला आणि गणित उघडलं. जाळी एका चौकोनाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत सरळ रेघ मारून अंतर मोजत होती. ती रेघ पाण्यावरून जात होती, आणि लाँच नसेल तर पाणी म्हणजे भिंत. तिने रेघ काढून टाकली. त्या जागी माणसाला प्रत्यक्ष वाटेत लागणारा वेळ घातला आणि जाळी पुन्हा चालवली.

फेरी तीच, एकच. पण आता ती इतक्या लांबून होत होती की अंतरक्षयाच्या हिशेबाने तिथून कुणी जायलाच नको होतं. तरी कुणीतरी जात होतं. पिंपळशेत-कुसावडे ही ओढ तालुक्यातल्या सगळ्या जोड्यांच्या वर गेली. हेमांगीने पिंपळशेतचा थांबा पुन्हा सुरू करायला लावला.

थांबा परत सुरू झाला तेव्हा ती स्वतः त्या लाँचवर होती. म्हाळूंनी उतरण्याआधी टोपी काढून केस नीट केले.

तानूबाई खिडकीशी खाटेवर होत्या. म्हाळूंनी डबा उघडला आणि नाचणीची आंबील चमच्याने भरवायला घेतली.  हेमांगीने थांबा कसा परत आला ते सोप्या शब्दांत सांगितलं.

तानूबाईंनी ऐकून घेतलं. त्यांची जीभ जड पडत होती. "म्हंजी ह्यांच्या येण्याजाण्यावरनं वढ मोजली तुमी?"

"हो, आजी."

"आन मी तर हितंच पडून असती," त्या म्हणाल्या. "माझी कशी मोजायची?"

हेमांगीने हातातला टॅब पुढे घेतला आणि उलट दिशेचा आकडा काढला. कुसावड्याहून पिंपळशेतकडे जाणारी ओढ : शून्य. शुश्रूषागृहातून उठून कुणीच कुठे जात नव्हतं, म्हणून शून्य. तिने नकाशा लहान करून सगळा तालुका पडद्यावर घेतला. तालुकाभर असे शून्य ओढीचे पांढरे चौकोन विखुरले होते. आजवर ती त्यांना रिकामे समजत आली होती.

त्यातले खरोखर रिकामे किती असतील?