दसऱ्याआधी तोडलेला झेंडू

"पेरिते मी नाचणी, काठाला गं खुरासणी...
पाहुणं आलं पाखरू, त्याला पिवळी मांडणी..."

आईचा हा आवाज ऐकला तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. डिंभ्याच्या वर, डोंगरातल्या आमच्या गावात, नाचणीच्या वावराच्या कडेनं ती खुरासणी, म्हणजे कारळं, पेरत चालली होती आणि मी तिच्या मागं मागं. खुरासणी पिवळीधमक फुलली की तिच्यावर माश्या, भुंगे, नाना तऱ्हेची पाखरं जमायची. ही आपल्या पिकाची राखण करतात, त्यांना उपाशी ठेवायचं नाही, एवढंच आई म्हणायची. का, ते तिला सांगता यायचं नाही.

ते मला कळलं अठ्ठ्याण्णव साली. बाविसाव्या वर्षी मी पिंपरी पेंढारला लंकाआत्याकडे राहायला आले होते. आत्या एकटी, तिचे दुखरे गुडघे आणि एक एकर वावर. नारायणगावला शेतकऱ्यांचं तीन दिवसांचं शिबिर झालं. तिथं पिकाचे वैरी कोण नि मित्र कोण ते शिकले, आणि आत्यापाशी हट्ट धरला, की औषध न मारता टोमॅटो काढून दाखवते. आत्यानं एक हंगाम दिला. माल निघाला तर वावर माझ्या हाती. नाही निघाला तर ते शेजारच्या दादाभाऊंना वाट्यानं, आणि मी परत डोंगरात बापाकडे, जिथं दोन स्थळं माझी वाट बघत बसली होती.

मी इरेला पेटले. काठाला मका लावला. टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ. मधे मधे चवळी. पाटाच्या कडेनं शेपू आणि कोथिंबीर, तीही न काढता फुलावर सोडलेली. लोक बांधावरून जाताना मला विचारायचे, अगं इंद्रायणी, टमाटी कुठंशी लावलीत? मी हसायचे आणि खुरपत राहायचे.

श्रावणातली एक सकाळ. भुरभुर पाऊस, पानापानावर पाण्याचे मणी. दादाभाऊंचं वावर शोधत एक तरुण स्कूटर ढकलत चुकून आमच्या बांधावर आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कपाळाला चिकटलेले केस. माझ्याकडे बघायच्या आधी त्यानं माझ्या चवळीकडे बघितलं आणि दचकला.

"अहो, तुमच्या चवळीवर मावा पडलाय."

"पडलाय न्हाई. ठेवलाय."

तो बघतच राहिला. मी चवळीचं एक पान उलटलं. मावा काळाभोर चिकटलेला, आणि त्यात लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे पंगतीला बसल्यासारखे जेवत होते. त्याला सांगितलं, की चवळीवरचा मावा खाऊन यांची पोरंबाळं वाढतात आणि मग टोमॅटोवर मावा टिकत नाही. झेंडूचंही तसंच. फळात शिरणारी जी अळी, तिचा पतंग टोमॅटो सोडून झेंडूच्या कळीवर अंडी घालतो. आणि शेपूच्या फुलातला मध पिऊन केसाएवढ्या बारीक गांधीलमाश्या उडतात, त्या अळीच्याच पोटात आपली अंडी घालतात.

"म्हणजे तुम्ही शेती नाही करत," तो हळूच म्हणाला, "खानावळ चालवता."

मला हसू आलं. पण दाखवलं नाही.

तो विपुल. राजुरीच्या मोहनलाल शेठजींचा मुलगा. बियाणं, खतं आणि औषधांचं त्यांचं दुकान. तीन पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं हे घर, आता बोलणं-चालणं सगळं इथलंच. हे कळल्यावर तर माझी जीभ मोकळीच सुटली. त्याच्या आई, भंवरीबाई, पाणी गाळून पितात, दिवस मावळल्यावर घास घेत नाहीत, न जाणो एखादा जीव पोटात जायचा... हे सगळ्या राजुरीला ठाऊक. आणि मुलगा बाटल्या विकतो. मी विचारलं, धाकटे शेठ, आई दुकानात येते का हो? तो ओशाळला. म्हणाला, पायरीसुद्धा चढत नाही, आणि पर्युषणाचे आठ दिवस औषधाच्या कपाटाची किल्ली तिच्या पदराला असते.

"मग त्या आठ दिवसांत माझ्या खानावळीत येत जा," मी म्हणाले. का म्हणाले, कुणास ठाऊक.

तो आला. आठाचे पंधरा झाले. कधी दादाभाऊंचं काम निघायचं, कधी स्कूटरच बिघडायची, नेमकी आमच्या बांधापाशी. तो पानं उलटायचा, मी ओळखायला लावायचे, चुकला की आत्या ओट्यावरून हसायची. त्याची नजर पानावरून माझ्या बोटांवर आणि बोटांवरून... मी लगेच दुसऱ्या ओळीत. माझ्यापाशी एवढा एकच हंगाम होता, आणि त्यात मन दुसरीकडे लावून चालणार नव्हतं. असं मी रोज स्वतःला बजावायचे.

नवरात्रात घट बघायला बापाकडे गेले. दोन दिवसांत परतायचं, पण डिंभ्याला एसटी आलीच नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. दसऱ्याच्या सकाळी पिंपरी पेंढारला उतरले, तर दारोदारी तोरणं झुललेली. आमच्या दारावर तर भलं जाडजूड.

मी पिशवी टाकली आणि वावराकडे पळाले. झेंडूच्या सगळ्या ओळी बोडक्या. फूल नाही, कळी नाही, नुसती हिरवी थोटकं.

आत्या म्हणाली, मीच तोडायला लावलं. फुललेला झेंडू दसऱ्याला झाडावर कोण ठेवतं? सगळा बाजारला गेला, बरा गेला.

तिचं काय चुकलं होतं? आमच्या तालुक्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी झाडावर राहिलेलं झेंडूचं फूल म्हणजे घरधन्याचा आळस. ही फुलं विकायची नाहीत, राखायची आहेत, हे मी कुणाला नीट बजावलंच नव्हतं. सणाच्या दिवशी डोळ्यातलं पाणी गिळलं आणि आत्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं.

चौथ्या दिवशी टोमॅटोच्या शेंड्यांवर अंडी दिसली. बारीक, पांढुरकी, मोत्याच्या चुऱ्यासारखी. झेंडू नाही म्हटल्यावर पतंग दुसरं कुठं जाणार? आठवडा झाला नाही तोच हिरव्या फळांत अळ्यांनी डोकी खुपसली. दादाभाऊ बांधावर उभं राहून म्हणाले, पोरी, पंप देतो माझा, आजच मार, नाय तर संपलं. आत्यानं एक पोखरलेलं फळ उचलून माझ्या हातावर ठेवलं.

...आणि मी गेले. राजुरीला, त्याच दुकानात. जी पायरी भंवरीबाई कधी चढल्या नाहीत, ती मी चढले. गादीवर मोहनलाल शेठजी, गल्ल्यापाशी विपुल, त्याच्या मागं बाटल्यांची अख्खी भिंत. मान खाली घालून म्हणाले, अळीचं औषध द्या.

विपुलनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "संपलंय."

शेठजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं.

"मागं दिसतंय की," मी पुटपुटले.

"ते तुमच्यासाठी नाही. दोन महिने ज्यांना जेवू घातलं, त्यांना एका दुपारी मारायला मी नाही देणार." मग आवाज खाली आणून, "सकाळी येतो मी. हातानं वेचू."

शेठजींनी चष्मा पुसायला घेतला, आणि बराच वेळ पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो बांधावर. हातात झाकणाचा पत्र्याचा डबा. एकेक झाड, एकेक फांदी. पोखरलेलं फळ मी तोडायचे, अळी तो डब्यात टाकायचा. डबा भरला की मी म्हणायचे, चिरडा. तो चिरडायचा नाही. ओढ्याच्या पलीकडच्या पडीक रानात नेऊन गवतावर हलकेच ओतायचा आणि माघारी यायचा.

"बाटलीनं मारता, हातानं मारवत न्हाई व्हय?"

"नाही मारवत." कान लाल झालेले. "आता बाटलीनंही नाही मारवायचं. काय करून ठेवलंत हे?"

तिकडे पलीकडे साळुंक्या पाखरांना वेळ कळली होती. तो वळला की मागून अळ्यांवर त्यांची झुंबड. मला दिसायचं. त्याला मात्र मी कधी मागं बघू दिलं नाही.

अशा बारा सकाळी. धुकं, ओली माती, आणि दोन ओळींमधून एकमेकांना न लागता जाणारे आमचे हात... अकराव्या दिवशी डबा निम्माही भरेना. एका पानावर अळी मरगळून पडलेली, शेजारी तांदळाच्या कणीएवढा कोष. तो मी त्याला बोटानं दाखवला. त्या गांधीलमाश्या आल्या होत्या. मी औषध मारलं असतं, तर आल्या नसत्या. तोवर झेंडूच्या थोटकांनाही नव्या कळ्या धरल्या होत्या.

दिवाळी सरली आणि माल सुरू झाला. लालबुंद, घट्ट, टणटणीत टोमॅटो. क्रेट भरून बांधावर रचले, तेव्हा वाटेनं जाणारा हर एक माणूस थांबला. दादाभाऊ एक फळ फोडून बघत म्हणाले, कुठलं औषध मारलं? आत्या गुडघे दुखत असतानाही उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "औषध न्हाई मारलं भाऊ. माझ्या भाचीनं पाखरं जेवू घातली." दादाभाऊंनी पुढच्या सालासाठी मूठभर चवळीचं बी मागितलं. आणि भंवरीबाई... त्या स्वतः आल्या, दिवस वर असताना, पदरात चार टोमॅटो घेऊन गेल्या. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या सांजेला आत्यानं सांगितलं, वावर तुझं. एवढंच. मी मक्याच्या कडेला जाऊन बसले. माझी मान इतकी ताठ कधीच नव्हती.

विपुल आला, शेजारी बसला. मग समोर बघत म्हणाला,

"झेंडू मी तोडला होता."

मला आधी कळलंच नाही.

"तुम्ही अडकलात, फुलं वाया जातील वाटलं. कळीवरच्या अंड्यांचं तुम्ही सांगितलेलं तेव्हा आठवलंच नाही. दोन गडी घेऊन आलो. वाटलं, तुम्ही याल नि खूश व्हाल. आत्यांनी माझं नाव घेऊ दिलं नाही. म्हणाल्या, कळलं तर ती तुला बांधावर पाय ठेवू द्यायची नाही."

"अन् तुमी बारा सकाळी गप्प बसून अळ्या वेचल्या."

"रोज सांगणार होतो. सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी येऊ दिलं असतं?"

"न्हाई."

"म्हणून..."

मी उठले. तडातडा वावराच्या टोकापर्यंत गेले. राग तर होताच. पण त्या टोकाला पोचेपर्यंत लक्षात आलं, की आपण त्याच्यासारख्याच आहोत. तोंडात गोष्ट धरून ठेवलेल्या. मागं फिरले. तो अजून तिथंच, मान खाली घालून.

"विपुल."

त्यानं वर बघितलं. नुसत्या नावानं मी त्याला कधी हाक मारली नव्हती.

"आता माझं ऐक. वावरासाठी राहिले, असं आत्याला सांगितलं, बापाला सांगितलं, तुलाबी तेच सांगितलं. ते अर्धंच खरं व्हतं." श्वास घेतला. "उरलेलं अर्धं रोज पहाटे पत्र्याचा डबा घेऊन यायचं."