हव : मूळ माहीत नाही

मोना लांजेवार वहीत बघत चालत होती, म्हणून डोक्यावरून साडेतीन टनांचा गर्डर येतो आहे हे तिला कळलंच नाही. कळलं ते एवढंच, की पिवळं हेल्मेट घातलेला एक मुलगा अचानक समोर आला, दोन्ही हात आडवे पसरून उभा राहिला, आणि भिलाईच्या हथखोज औद्योगिक वसाहतीतली ती अख्खी शेड गप्प झाली.

"रुको! मॅडम, मरना है क्या?"

मोनानं वर पाहिलं. क्रेनच्या हुकाला लटकलेला गर्डर जागच्या जागी हलत होता. भिलाईत ती घराबाहेर हिंदीच बोलायची, पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून घरचीच भाषा निघते.

"अवं माय!"

मुलाचे हात खाली आले. "मराठी हाय का तू...? म्हनजे, तुम्ही?"

त्याचं नाव कमलेश हटवार. वडील दुर्ग लाइनवर रेल्वेत, मूळ गाव तुमसर. या शेडमध्ये सात वर्षं तो क्रेनला इशारे द्यायचं काम करत होता. मोनाचे वडील स्टील प्लांटमध्ये, घर वैशाली नगरला. एका विद्यापीठासाठी ती भिलाईतले अगदी छोटे शब्द गोळा करत होती. देशभरातून माणसं या गावात कामाला आली, येताना आपापले शब्द घेऊन आली, आणि त्या शब्दांचं मूळ शोधायचं काम मोनाला मिळालं होतं. काम तिच्या स्वभावाला साजेसं होतं. तिला शब्दांत रस होता. माणसांत जरा बेताचाच.

"आरिया आणि हाबेस," ती म्हणाली. "हे दोन शब्द तुमच्याकडे आहेत असं ऐकलं."

"हाबेस म्हनजे उचल, आरिया म्हनजे खाली सोड. कुठून आले, मले नाही मालूम."

"हाबेसचं मलाही नक्की माहीत नाही. आरिया मात्र पोर्तुगीज. त्यांचे खलाशी शीड उतरवताना ओरडायचे. आपल्या खलाशांनी तो उचलला, आणि जहाजावरून क्रेनवर आला."

"म्हनजे सात वर्षांपासून मी पोर्तुगीज बोलून राहिलो?"

"एक शब्द."

"एक तर एक. बायोडाटात टाकतो ना."

मोनाला हसू आलं. तिनं ते वहीत तोंड घालून लपवलं, पण कमलेशचं कामच मुळी बारीक हालचाली टिपायचं होतं.

मग त्यानं तिला शेडचा नियम सांगितला. वर केबिनमध्ये बसलेले भय्याजी म्हणजे क्रेन चालवणारे, तेही तुमसरकडचेच. ते फक्त एकाच माणसाचा इशारा मानतात, कमलेशचा. दुसऱ्या कुणी कितीही बोंब मारली तरी माल एक इंच हलत नाही.

"पन थांब कोनीबी म्हनू शकते," तो म्हणाला. "चायवालाबी. तूबी. आधी थांबाचं, कारन मंग पुसाचं. अन् ते कारन त्या रजिस्टरमंदी लिहाचं."

शब्द दोनच होते, पण मोना दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. हाताचे इशारे टिपायचे राहिले होते म्हणे. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, खाली करून फिरवलं की सोड, एका हातावर दुसरा तळवा धरला की सावकाश. हे सगळं एका पानात मावलं असतं. मोनाला तीन आठवडे लागले. गंजाचा वास, ग्राइंडरच्या ठिणग्या, चारच्या सुट्टीचा चहा — आणि समोर काळी पडलेली नखं असलेला एक हात, जो नुसत्या बोटानं कित्येक टन लोखंड अलगद टेकवायचा. तिनं त्या हाताबद्दल वहीत काही लिहिलं नाही. रकाना नव्हता.

एकदा चहा पिताना कमलेशनं तिची वही ओढून घेतली. "हे काय वं?"

"ये आणि जा. तेलुगूत रा आणि पो. मल्याळममध्ये वा आणि पो. सगळे एका अक्षराचे."

"अन् 'थांब'ले दोन अक्षरं कावून?"

"थांब संस्कृतातल्या स्तंभापासून. आत खांब आहे त्याच्या. बंगालीतलं थामो त्याच्याच नात्यातलं."

"मंग बराबर हाय." कमलेशनं तिच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. "खांब रोवाले टाइम लागते ना."

मोनानं चहा संपला नसतानाही कप खाली ठेवला.

"अन् हे? याचं मूळ तुलेबी नाही मालूम?"

तो 'हव' होता. होकाराचा. मोनाची आई हव म्हणायची आणि शेजारची भागीरथाबाई तिच्या छत्तीसगढीतही हवच म्हणायची. कुणी कुणाकडून घेतला ते मोनाला ठरवता येईना, म्हणून तिनं लिहून ठेवलं होतं : मूळ माहीत नाही.

"तू म्हनून पाह्य ना एकदा," कमलेश म्हणाला.

"कशाला हव म्हणू? तू काही विचारलंस का?"

"मंग मीच म्हनलो असतो हव... पन तू कुठं काही पुसून राहिली मले!"

पुढच्या सोमवारी त्यानं बातमी सांगितली. गुजरातच्या एका बंदरावर मोठ्या क्रेनचं काम होतं. तीन वर्षांचा करार, पगार जवळपास दुप्पट. शुक्रवारी चारला ठेकेदाराची जीप यायची होती.

"सही अजून केली नाही," तो बुटाकडे बघत म्हणाला. "जीपमंदीच कराची हाय."

"अच्छा," मोना म्हणाली.

अच्छाचा मूळ अर्थ स्वच्छ, नितळ. मोनाच्या मनात त्या वेळी जे होतं ते मुळीच नितळ नव्हतं. पण नऊ भाषांत जा कसं म्हणतात ते ठाऊक असलेल्या त्या मुलीला एकाही भाषेत नको जाऊ म्हणता आलं नाही. घरी जाऊन तिनं आईशी विनाकारण भांडण काढलं.

शुक्रवारी ती शेडमध्ये पोचली तेव्हा शेवटचा माल हुकावर होता. खाली ट्रेलर उभा, गेटाबाहेर जीप उभी. जीपचा हॉर्न दोनदा वाजला. कमलेशनं बोट खाली करून फिरवलं. "आरिया, भय्याजी!" गर्डर ट्रेलरपासून चार फुटांवर आला, तीन फुटांवर आला. तो टेकला की कमलेश हातमोजे काढणार, तिला हात करणार आणि निघून जाणार हे मोनाला लख्ख दिसलं. दोन फूट. दीड.

"थांब!"

दोन्ही हात आडवे पसरून ती उभी राहिली. क्रेन थांबली. ग्राइंडर बंद पडले. बारा-पंधरा माणसं वळली. कमलेश धावत आला. त्यानं हुक पाहिला, दोर पाहिले, खालून वाकून पाहिलं.

"काय दिसलं? दोर तुटून राहिला का?"

"दोर ठीक आहे," मोना म्हणाली.

"मंग?"

"कारन सांगा, कारन!" वरून भय्याजी ओरडले. "माल लटकून हाय!"

मोनाचे हात अजून पसरलेलेच होते.

"तू जाऊ नको," ती म्हणाली, तिच्या आईच्या मराठीत. "शब्द तर पहिल्याच दिवशी सरले होते. तीन हप्त्यांपासून मी तुलेच पाहाले येऊन राहिली. मले आवडते तू. तुझ्याबिना मले नाही करमत... राहशील का येथं?"

कुणीतरी शिट्टी मारली. कमलेशनं लटकत्या गर्डरकडे पाहिलं, गेटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हव," तो म्हणाला.

"काय म्हनला तो?" वरून भय्याजी.

"हव म्हनला!" सगळी शेड एकदम ओरडली.

"मंग उतरवू का आता?"

कमलेशनं एका हातावर दुसरा तळवा धरला आणि बोट खाली केलं. गर्डर इतका सावकाश टेकला की ट्रेलर कुरकुरलासुद्धा नाही. जीप रिकामी परत गेली.

रजिस्टर भय्याजींनीच भरलं. काम थांबल्याची वेळ चार वाजून सात मिनिटं. कारणाच्या रकान्यात त्यांनी बराच विचार करून लिहिलं : घरगुती.

मोनानं तिथंच आपली वही उघडली, मुळाच्या रकान्यातली जुनी ओळ खोडली आणि लिहिलं : हव. अर्थ, हो. मूळ, हथखोज.