चोरकप्पा नसलेली पेटी

पाटी लिहिणाऱ्या साहेबांनो, तुम्ही धडधडीत खोटं लिहिलंय. म्हणे ‘शोभेची पेटी’! आतला चोरकप्पा उघडून बघायची तसदी कधी घेतलीत? अख्ख्या घरात बाईची स्वतःची अशी तेवढीच वीतभर जागा, आणि तुम्ही तिला शोभा म्हणता?

संग्रहालयात त्या पाटीपुढे उभी राहून, शिवणकामावर पोट भरणारी एक मुलगी हे सगळं मोठ्यानं बोलून गेली. तोच काचेच्या कपाटामागून एक डोकं वर आलं.

“पाटी माझी नाही हं. मी फक्त बिजागऱ्या दुरुस्त करायला आलोय.”

तो पेट्या घडवणारा निघाला. भुवयांवर लाकडाचा भुसा, डोळ्यांत मिश्कीलपणा. तिला खरं तर अजून भांडायचं होतं, पण हसूच फुटलं. मग तिनं सांगून टाकलं, की मावशी गेल्यापासून तिच्या पेटीचा चोरकप्पा कुणालाच उघडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती पेटी घेऊन त्याच्या दुकानात गेली. त्यानं नक्षीतली पानं चाचपली, एक दाबलं, आणि चक्क पाठ फिरवून उभा राहिला. कप्पा जिचा तिनंच बघायचा, हा त्यांच्या धंद्याचा रिवाज.

कप्पा रिकामा होता. ती गोंधळली... मावशीनं जन्मभर पोकळीच जपली? की आपलं काहीतरी आहे, एवढंच तिला पुरत होतं?

मग तिनं स्वतःसाठी तशीच पेटी करायला सांगितली. कधी रंग बघायला, कधी अस्तराचं कापड द्यायला चकरा सुरू झाल्या. पेटी होतेय की जहाज, असं आईनं विचारलंसुद्धा.

पेटी झाली. देखणी! घरी आणून तिनं एकेक पान दाबून पाहिलं. चोरकप्पाच नव्हता. म्हणजे लपवण्यासारखं आपल्याकडे काहीच नाही, असं वाटलं याला? की विसरला? विसरेल कसा? ती तरातरा दुकानात गेली आणि पेटी त्याच्यापुढे आदळली.

“कप्पा कुठंय?”

“तेवढा दुसऱ्या कारागिराकडून करून घ्या.” तो उगाच रंधा पुसत राहिला. “मला तो उघडायची खूण कळता कामा नये.”

“मावशीची कळलेली चालली. माझीच का नको?”

“घरच्या पुरुषाला ती... माहीत नसावी. रिवाज आहे.”

त्याचे कान लाल झाले. ती बघतच राहिली. कळलं, पण खात्री होईना. तिनं पेटी उचलली, परत ठेवली. तेवढ्यात तो सवयीनं पाठ फिरवायला लागला.

“वळू नकोस,” ती म्हणाली. तुम्हीचा तू कधी झाला, तिलाही कळलं नाही. “इकडे बघ आणि तोंडानं सांग — मला विचारतोयस, की नुसता रिवाज सांगतोयस?”